कोर्लई किल्ल्याच्या सहलीवरील अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. भर उन्हात चढवलं, पडक्या भिंती दाखवल्या, पाऊण तास नुसतं खाडीकडे बघत उभं केलं, गाइडनं पोर्तुगीजांचंच कौतुक केलं आणि मध्येच फोनवर कुठल्या परक्या भाषेत बोलत बसला, असं तुम्ही लिहिलंय.

उन्हाची चूक सर्वस्वी आमची. साडेसातला निघायचं ठरलं होतं, आमची गाडी उशिरा आली आणि दीपगृहापासून चढायला लागेपर्यंत साडेदहा वाजले. तुमच्या आईंना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. निम्मे पैसे आजच परत पाठवतोय. यापुढे नऊनंतर कोणालाही वर नेणार नाही.

खाडीचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण कोर्लई कळतो तो तिथूनच. समोर रेवदंडा, मध्ये कुंडलिकेचं मुख. चौल बंदरात शिरायची वाट हीच. 1508 साली याच पाण्यात इजिप्तच्या मामलुक सुलतानांचं आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ याचं आरमार पोर्तुगीजांवर चालून आलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा निसटायला बघत होता, पण त्याचं जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं आणि तो मारला गेला. गाइडनं बोट दाखवलं ते डोल जाळ्यांचे (भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधून ठेवायच्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट एवढ्यासाठीच.

पुढे 1521 मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीनं पोर्तुगीज रेवदंड्याला, म्हणजे चौलच्या बंदरावर बसले, पण समोरचा डोंगर त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानं तिथे किल्ला बांधून तोफा चढवल्या, तेव्हा चौलचा गळाच आवळला गेला. सप्टेंबर 1594 मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो घेतला आणि मुखाचे दोन्ही काठ त्यांच्या हातात आले. तुम्हाला ज्या पडक्या भिंती वाटल्या, त्या अरुंद धारेवर एकामागून एक आडव्या घातलेल्या आहेत. एक भाग शत्रूनं घेतला तरी पुढचा दरवाजा लावून लढता यावं, हा हिशोब.

कौतुकाबद्दल तुमचं म्हणणं मला लागलं. पोर्तुगीजांचा जाचही होताच. ‘कार्ताझ’ म्हणजे समुद्रात जहाज न्यायला लागणारा पोर्तुगीजांचा परवाना. तो नसेल तर आपल्या व्यापाऱ्यांची गलबतं ते सरळ पकडत. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला होता. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि त्यानंतर 1740 च्या तहानं चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले. हे सगळं गाइडनं सांगायलाच हवं होतं. त्याच्याशी बोललोय, आता सांगेल.

राहिली ती परकी भाषा. आमचा गाइड किल्ल्याखालच्या कोर्लई गावचा. फोनवर त्याची आजी होती, जेवायला किती वाजता येतोस म्हणून विचारत होती. त्यांच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली घरात बोलतात. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेवर वर्षं झाली, तरी ती टिकून आहे. त्यानं तुम्हाला हे तिथेच सांगितलं असतं, पण तुम्ही रागावलेले बघून तो गप्प बसला.

पुन्हा यायचं मनात आलं तर जानेवारीत या, ओहोटीची वेळ बघून. आईंना वर चढायची गरज नाही. खाली दीपगृहापाशी सावलीत खुर्ची टाकून देऊ.