अ‍ॅक्शन प्लॅन, दौंडची गाडी आणि अप्लाइड थर्मो

काल डिपार्टमेंटचं कपाट आवरायला काढलं तर वरच्या खणातून 2019 पासूनच्या जीएफएमच्या फायली निघाल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर. पुण्यातल्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजात हा प्रकार असतो, वीसेक पोरं एका शिक्षकाच्या नावावर लावतात आणि मग त्यांची हजेरी, मार्क, घरी फोन, रूम पार्टनरची भांडणं, सगळं त्या शिक्षकाने बघायचं. त्या फायलीत प्रत्येक पोराचा 'इंडिव्हिज्युअल अ‍ॅक्शन प्लॅन' लावलेला. धूळ झटकता झटकता वाचायला बसले. अक्षर माझंच.

"रोज 4 तास अभ्यास करणे. मोबाईलचा वापर कमी करणे. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे. लेक्चरला नियमित उपस्थित राहणे."

पुढचं पान उलटलं, तेच. त्याच्या पुढचं, तेच. 20 पोरांचे 20 प्लॅन आणि त्यात वेगळा काय तर रोल नंबर.

हे कसं लिहिलं तेही आठवलं. कमिटी येणार होती, आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही सहा-सात जण स्टाफरूममध्ये वडापाव मागवून बसलो होतो आणि सगळं एकाच दिवशी लिहिलंय असं वाटू नये म्हणून दोन रंगांची पेनं वापरत होतो. पोरांना रांगेत बोलावून सह्या घेतल्या, एकानेही वाचलं नाही. कशाला वाचतील. स्लो लर्नर आणि अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर ओळखा, त्यांच्यासाठी काय करता ते दाखवा, असं तेव्हा नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, निकषात होतं, आणि ते काही चुकीचं नाही, खोटं लिहा असं त्यांनी कुठे म्हटलंय? तो आमचा शॉर्टकट. मी त्यात होते, म्हणून एवढं बोलतेय.

आता माझं मत सांगते, पटलं नाही तर खाली भांडा. प्लॅनमध्ये पोराने काय काय करायचं हे लिहिणं सोपंय, ते कोणीही लिहील, आजकाल तर पोरं एआयकडून दोन मिनिटांत रंगीत तक्ता काढून आणतात. सल्लागाराचं खरं काम आहे काय सोडायचं ते त्याच्याबरोबर बसून ठरवणं. आणि नेमकं हेच आम्ही कधी लिहीत नाही, कारण "अमुक विषय सोड" असं शिक्षकाने कागदावर लिहून खाली सही करायची म्हणजे काय!

मला हे शिकवलं एका दौंडच्या पोराने. मेकॅनिकलचा, सेकंड इयर, चौथं सेमिस्टर. इनसेमचे, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचे, मार्क लागले आणि मी त्याला बोलावलं. सवयीप्रमाणे पहिला प्रश्न, "रोज किती तास अभ्यास करतोस?" तो खाली बघत म्हणाला, "तीन-चार तास मॅडम." मला माहीत होतं तो खोटं बोलतोय, त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. असे संवाद मी बारा वर्षं केलेत. त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून की काय कोण जाणे, मी म्हटलं, बरं ते जाऊ दे, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते सांग, घड्याळ लावून.

मग निघालं सगळं. पहाटे उठून सकाळची गाडी, पुणे स्टेशनपर्यंत दीड-पावणेदोन तास, तिथून बस, कॉलेज. संध्याकाळी परत तेच, घरी पोचेपर्यंत साडेआठ, जेवण, आणि मग वडिलांच्या दुकानाचा हिशोब कारण मोठा भाऊ चाकणला शिफ्टमध्ये. त्याच्या दिवसात चार तास नव्हतेच. दोनही नव्हते. आणि माझ्या फॉर्मवर तर "रोज 4 तास" आधीच लिहून ठेवलेलं!

मग मी कागद उलटा केला आणि आम्ही मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. त्याच्याकडे पेपर होते सात. चौथ्या सेमचे पाच, तिसऱ्याचा सॉलिड मेकॅनिक्स राहिलेला, आणि पहिल्या वर्षाचा एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर. आता 2019 पॅटर्नचा, म्हणजे विद्यापीठाच्या तेव्हाच्या अभ्यासक्रमाचा, नियम असा होता की फर्स्ट इयरचे 44 पैकी निम्मे, म्हणजे 22 क्रेडिट मिळाले तरी सेकंड इयरला जाता यायचं, पण थर्ड इयरला जायचं तर फर्स्ट इयरचे सगळे क्रेडिट सुटलेले हवेत आणि सेकंड इयरचे किमान निम्मे. म्हणजे या पोराचं सेकंड इयर कितीही चांगलं गेलं असतं तरी तो एक एम-टू राहिला की वायडी, म्हणजे इयर डाउन. वर्ष घरी. आणि हा पठ्ठ्या सातही विषयांना सारखा वेळ देत होता, किंबहुना एम-टूला सगळ्यात कमी, "बॅकचा विषय आहे ना मॅडम, नंतर बघू." मी विचारलं, हा नियम तुला माहीत आहे का? तर म्हणाला ऐकलंय असं काहीतरी. सेकंड इयर संपत आलं तरी याला हे कोणी नीट बसवून सांगितलेलं नव्हतं, आणि त्याची जीएफएम कोण, तर मीच.

मग ठरवलं. एम-टू पहिला, बाकी सगळं नंतर. एन्डसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला, युनिट 3 ते 6, प्रत्येक युनिटला हा प्रश्न नाहीतर तो अशी चॉइस. युनिट 5 सॉलिड जॉमेट्री, स्फिअर, कोन, सिलिंडर, प्रश्नांचे टाइप ठरलेले, हात बसला की मार्क हातात. हे युनिट त्याने कधी उघडलंच नव्हतं कारण फर्स्ट इयरला ते चालू असताना तो आजारी होता. मल्टिपल इंटिग्रल्स त्याला थोडं येत होतं. झालं, आधी ही दोन युनिटं पक्की, मग तिसरं. सकाळी दौंडला गाडी रिकामी मिळते, बसायला जागा असते, पण डबा हलतो, गणितं लिहिता येत नाहीत, म्हणून गाडीत थिअरी, नुसतं वाचण्यासारखं. संध्याकाळची गाडी सोडून पुढची पकडायची आणि मधला दीड तास लायब्ररीत फक्त एम-टू. परतीच्या गाडीत काही नाही, उभं राहून येतो तो, तिथे अभ्यास लिहिणं म्हणजे थट्टा. दुकानाच्या हिशोबाचं मी वडिलांशी फोनवर बोलले, ते म्हणाले मॅडम तुम्ही म्हणाल तसं, आणि दोन महिने स्वतः बसले.

आणि चौथ्या सेमचा अप्लाइड थर्मो, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स, सोडायचा. इनसेमला 30 पैकी 6, बेसिक थर्मोच कच्चा, तो उभा करायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात एम-टू आणि फ्लुइड दोन्ही होतात. पेपरला बसायचं, येईल ते लिहायचं, पण तयारी शून्य. मी हे लिहिलं आणि सही केली. हात थोडा थबकला, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी थर्मोवाले सर केबिनच्या दारात. "मॅडम, तुम्ही पोरांना माझा विषय सोडायला सांगता?" पोराने प्रामाणिकपणे जाऊन त्यांना सांगितलं होतं की सर मी या वेळी तुमचा विषय करत नाहीये, प्लॅनमध्ये नाहीये! आमचं चांगलं वाजलं. त्यांचं म्हणणं, एकदा सोडायची सवय लागली की पोरगं सगळंच सोडतं. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, मी पाहिलीत अशी पोरं. पण सगळं धर म्हणून सांगितलेली आणि त्यामुळे सगळ्यातच गेलेली पोरं मी त्याहून जास्त पाहिलीत.

वेळेचा अंदाज हा आणखी एक घोळ. 1994 साली ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं साधारण 34 दिवस. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. आणि "सगळं उलटंपालटं झालं तर किती?" असं विचारल्यावर जो आकडा दिला होता, 49 च्या आसपास, त्याच्याही पुढे गेले. आमची पोरं काय वेगळी आहेत का. सहा युनिट सहा दिवसांत, असं लिहून आणतात. मी आता त्यांनी सांगितलेल्या दिवसांची सरळ दीडपट करते आणि तेवढ्यात न बसणारं खोडून टाकते. ते स्मार्ट गोल्सचं, म्हणजे ध्येय नेमकं, मोजता येईल असं आणि मुदत घालून लिहायचं फॅड पण असंच, ट्रेनिंगला गेलं की पहिली स्लाइड तीच. मूळ 1981 साली मॅनेजमेंटच्या मासिकात कंपनीतल्या मॅनेजर लोकांसाठी आलेली गोष्ट ती, ज्यांना केबिन असते, पगार असतो आणि ज्यांना दुकानाचा हिशोब करायचा नसतो.

डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांचा प्लॅन तर पूर्ण वेगळाच हवा. वर्कशॉपमध्ये ही पोरं बाकीच्यांना शिकवतात, आणि एम-थ्री आला की तोंड पांढरं, कारण डिग्रीचे एम-वन, एम-टू त्यांनी केलेलेच नसतात. त्यांना "जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा" सांगून काय होणारे? त्यांना आधी अप्पा बळवंत चौकातून फर्स्ट इयरचं जुनं गणिताचं पुस्तक आणायला सांगायचं, इंटिग्रेशनचं एक प्रकरण दिवाळीच्या आत. बस, एवढाच प्लॅन.

माझे फसलेले प्लॅन पण आहेत. एक मुलगा होता, नऱ्ह्याला कॉट बेसिसवर राहायचा, फार गोड, सगळ्याला "हो मॅडम". त्याने स्वतः स्केचपेनने पहाटे 5 ते रात्री 11 चं टाइमटेबल करून आणलं, मी खूश, स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. दिवाळीनंतर तो आलाच नाही. नंतर त्याच्या रूम पार्टनरकडून कळलं की दोन महिने मेसचे पैसे भरलेले नव्हते आणि तो एक वेळच जेवत होता. मी त्याला प्रत्येक विषयाचं विचारलं होतं, जेवणाचं नाही. तेव्हा मला ते सुचलंच नाही, आणि विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आहे हे मला माहीत असून मी त्याला सांगितलं नव्हतं. आता माझ्या कागदावर पहिले तीन प्रश्न विषयांचे नसतात. कुठे राहतोस, घरी किती वाजता पोचतोस, आणि जेवायचं काय.

टॉपर पोरींबद्दल पण लिहायचं होतं, त्यांना कोणी बोलावतच नाही कारण त्या "अ‍ॅडव्हान्स्ड", आणि त्या एनपीटीईएलचे चार ऑनलाइन कोर्स, दोन क्लब आणि इंटर्नशिप एकाच सेममध्ये घेऊन बसलेल्या असतात, त्यांनाही सोडायलाच शिकवावं लागतं. पण पोस्ट लांबतेय, पुन्हा कधीतरी.

फक्त एक हिशोब मांडते. टाइमटेबलात मेंटरिंगचा तास आठवड्याला एक. पोरं वीस. म्हणजे एकाला तीन मिनिटं. तीन मिनिटांत "काय चाललंय?" "ठीक मॅडम" एवढंच होतं. मी काय करते, वीसमधल्या सहा-सात जणांना दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं देते, बाकीच्यांना महिन्यातून एकदा. हे अन्यायाचं आहे, मान्य. पण वीसही जणांना तीन-तीन मिनिटं वाटून टाकण्यात कुठला न्याय आहे? आणि कागद अर्ध्या पानाचा, पोराच्याच अक्षरात, त्याच्याच खिशात. फाइलला झेरॉक्स. कागद चुरगळलेला, चहाचे डाग पडलेला परत आला की मला बरं वाटतं, कोरा करकरीत आला की कळतं की बॅगेतून बाहेर निघालेलाच नाही.

हां, दौंडवाल्याचं राहिलंच. एम-टू सुटला. सॉलिड मेकॅनिक्स पण. अप्लाइड थर्मो ठरल्याप्रमाणे गेला, आणि फ्लुइड मेकॅनिक्स न ठरवता गेला, तो आम्हाला दोघांनाही धक्का. पण थर्ड इयरला बसला. डिसेंबरच्या परीक्षेत त्याने थर्मो काढला, 61 मार्क. तेव्हापासून थर्मोवाले सर मला चहाच्या वेळी न चुकता ऐकवतात, "बघा मॅडम, 61! सोडायची काही गरज होती का?" मी दर वेळी सांगते की अहो सर, सोडला म्हणूनच 61 आले. ते दर वेळी मान हलवतात आणि बिस्किट बुडवतात.