पुढच्या मालकाला काही शिल्लक ठेवू नका

नवी गाडी घरी आली, पेढे वाटून झाले, आता कामाचं बोलू. ही गाडी सहा-सात वर्षांनी तुम्ही विकणार. कुणीतरी अनोळखी माणूस ती निम्म्याहून कमी किमतीत घेणार आणि हप्ते तुम्ही भरलेला रंग, रबर, पत्रा तो वापरणार. हे चालू द्यायचं का? हप्ते तुमचे, तर गाडी संपवण्याचा मानही तुमचाच. त्यासाठी कुठे ठोकायची गरज नाही. घरच्या घरी, मनोभावे निगा राखली तरी पुरतं.

सुरुवात रंगापासून. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर लाखेसारखा पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. शोरूममध्ये डोळे दिपले ते याच्यामुळे. त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसाहून कमी. संपवायला अवघड नाही, फक्त सातत्य हवं.

सातत्यासाठी पिवळं फडकं. सकाळी सहाला गाडीवर रात्रभरची धूळ बसलेली असते. शेजारी इमारत उठत असेल तर सोन्याहून पिवळं, क्रश सँडची कच आयती मिळते. या कोरड्या धुळीवर फडकं दाबून फिरवा. आधी पाणी अजिबात मारू नका. पाण्याने कण सुटून वाहून जातात आणि मग घासायला उरतं काय? फडकं गोल गोलच फिरलं पाहिजे. सरळ पुसलं तर चरे एका दिशेला जातात आणि ठरावीक कोनातूनच दिसतात. गोल पुसलं की उन्हात कुठूनही बघा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं. काळ्या गाडीवर हे काम फार सुबक उठतं. पांढऱ्या गाडीवर कष्ट तेवढेच, पण दाद मिळत नाही.

पहाटे उठणं जमत नसेल तर सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा लावा. महिन्याच्या पैशांवरून त्याच्याशी शंभर रुपयांची घासाघीस जरूर करा आणि स्वतःची दोन स्वच्छ फडकी त्याला देण्याचा विचार मनातही आणू नका. तुमच्या दरात त्याला एका बादलीत पंधरा गाड्या उरकाव्याच लागतात. तुमची गाडी पंधरावी असेल तर उत्तम. चौदा गाड्यांचा गाळ तुमच्या बोनेटवर येतो, जादा पैसे न देता.

कुणी म्हणेल, ‘आमच्या गाडीला सिरॅमिक कोटिंग आहे, 9एच!’ घाबरू नका. हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आहे, हिऱ्याच्या नव्हे. कोटिंगमुळे पाणी थेंब होऊन घरंगळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण दाबून फिरवलेल्या वाळूच्या कणापुढे तेही हात टेकतं. बावीस हजारांचं कोटिंग करून त्यावर रोज कोरडं फडकं मारणारी माणसं याच शहरात आहेत. त्यांचा आदर्श ठेवावा.

आता रविवारची मोठी धुलाई. काही लोक यात फार सोवळंओवळं पाळतात. एका बादलीत 10 लिटर पाणी आणि 30-40 मिली कार शॅम्पू, दुसऱ्या बादलीत नुसतं पाणी, तिच्या तळाशी जाळी. आधी चाकं, तीही वेगळ्या ब्रशने आणि वेगळ्या पाण्याने. मग गाडीवर भरपूर पाणी मारून सुटी धूळ घालवायची. मग टपापासून खाली येत मायक्रोफायबरच्या हातमोज्याने हलक्या हाताने धुवायचं, प्रत्येक दरवाजानंतर मोजा साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि चिखलाचा खालचा पट्टा शेवटी घ्यायचा. एवढ्यात तुमची गाडी धुऊन, नाश्ता होऊन, दुपारची झोपही होईल. तुम्ही एक बादली, एक स्पंज घ्या आणि चाकापासून वर चढा. चाकावरची ती काळी भुकटी म्हणजे डिस्क आणि ब्रेक पॅड झिजून पडलेला लोखंडाचा चुरा. स्पंजाच्या भोकांत तो नीट भरून घ्या आणि थेट बोनेट गाठा. स्पंज एकदा तरी जमिनीवर पडू द्या. उचलून झटकला की झालं.

शॅम्पूवर पैसे कशाला? मोरीत कपड्यांची पावडर आहे. शॅम्पू उदासीन असतो, सातच्या आसपास पीएचचा. पावडरीचा पीएच दहा-अकरापर्यंत जातो. तेल्या डागाबरोबर गाडीवरचं मेणही तिने एका धुण्यात उतरतं, आणि रबराच्या पट्ट्या हळूहळू पांढुरक्या पडतात.

मुहूर्त भर दुपारी बाराचा, जागा सावली नसलेली, पाणी बोअरचं. तापलेल्या पत्र्यावर साबण पुसायच्या आत वाळतो. पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गोल गोल पांढरे ठिपके होऊन मागे राहतात. ताजे असताना अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी लावून मिनिटभरात धुतले तर ते निघतात, म्हणून महिनाभर हात लावू नका. पुसायला जुना बनियन आहेच. मऊ जाडसर मायक्रोफायबर टॉवेल नुसता टेकवून पाणी टिपणाऱ्यांकडे कानाडोळा करा.

पाइप मात्र सुरूच राहू दे. अर्ध्या इंची पाइपातून मिनिटाला 12-13 लिटर पाणी आलं, तर अर्ध्या तासात 400 लिटरच्या घरात जातं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, तेव्हा पहिल्या खेपेला 5 लाख लिटर होतं. म्हणजे जेमतेम साडेबाराशे गाड्यांची आंघोळ. तुमच्या तालुक्यातच रविवारी तेवढ्या गाड्या धुतल्या जात असतील, आणि त्यासाठी कुणी रेल्वेला हार घालत नाही.

खंडेनवमी-दसऱ्याला रंगावर विशेष मेहनत घेता येते. बोनेटवर हळदीकुंकवाचं ओलं स्वस्तिक बोटाने ठसठशीत काढा आणि दिवाळीपर्यंत तसंच ठेवा. नंतर डाग काढायला कपड्यांचा साबण लावा. हळद अल्कलीने लाल होते. पूर्वी हळदीवर चुन्याचा संस्कार करून कुंकू बनवायचे ते याच गुणावर. तुमच्या बोनेटवर आपोआप घरगुती कुंकू तयार होईल. (नुसती हळद उन्हातच फिकी पडते, पण एवढा धीर कुणाला?) झेंडूचा हार सुतळीत नको, तारेत ओवा आणि वायपरपासून नंबर प्लेटपर्यंत ताणून बांधा. वाऱ्याने तार मागेपुढे होते आणि खालच्या रंगावर बारीक आरी चालते. नारळ चाकापुढेच फोडा.

कबुतराची विष्ठा दिसली की थांबा. तिच्यातलं आम्ल उन्हात, थर तापून मऊ झाल्यावर नीट आत जातं. दोन दिवसांनी किल्लीच्या टोकाने खरवडा. ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवून अलगद उचलणं हे बायकी काम, असं एखादे काका सांगतील. त्यांच्या गाडीचा टप बघून घ्या.

रंग मार्गी लागला की बोनेट उघडा. आत धूळ दिसेल आणि तुमच्या हातात प्रेशर वॉशर असेल. बॅटरीची निगेटिव्ह तार काढणं, फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर आणि हवेचं तोंड प्लॅस्टिकने झाकणं, थंड इंजिन ब्रशने आणि ओलसर कापडाने पुसणं, या पळवाटा आहेत. इंजिन गरम असतानाच धार मारा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ठिणगी पाडणारे प्लग खोल विहिरीत बसतात आणि वर त्यांना वीज देणारी कॉइल. त्या विहिरीत पाणी साचलं की इंजिन एका पायाने लंगडतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. खाली पत्र्याला डिझेल-ऑइलचा फवारा मारून घ्या. जुनी परंपरा आहे. रबरी बुश फुगतात, वर धूळ छान बसते. अलिबाग-दिवेआगरला जाऊन आला असाल, तर चेसिसला गोडं पाणी लागू देऊ नका. मीठ मुरायला वेळ लागतो.

दरवाजांच्या तळाशी पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती मातीने बुजू द्या. दरवाजा उघडताना खळखळ ऐकू आली की समजा, पत्रा आतून सडायला लागला. काचेखाली वायपरच्या खोबणीत कडुलिंबाचा पाला साठवा, म्हणजे पावसाळ्यात पाणी पायाशी येतं. धुऊन झाल्यावर ओल्या ब्रेकवरच हँडब्रेक खच्चून ओढा आणि आठवडाभर गावाला जा. आल्यावर चाक सोडवायला शेजारी लागतात, ओळखी वाढतात.

इंजिन थंड ठेवणाऱ्या कुलंटऐवजी नळाचं पाणी घाला. डॅशबोर्डला तेलकट पॉलिश फासा, म्हणजे समोरच्या काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्ड दिसेल. स्टिअरिंगलाही थोडं लावा.

विकायच्या आठवड्यात एजंट येईल. तो इंजिनाआधी मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरेल आणि काही न बोलता आकडा खाली आणेल. खचू नका, पॉलिशवाल्याला बोलवा. त्याचं मशीन चरे भरत नाही. भोवतालचा थर चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतं. राहिलेसाहिलेले मायक्रॉन असे सत्कारणी लागतात. पत्र्याच्या कडांवर थर मुळातच पातळ, तिथे पॅड दोन सेकंद जास्त टेकलं की खालचा प्रायमर डोकावतो.

मग गिऱ्हाईक त्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारेल, ‘गाडी रोज पुसत होता का?’ मान ताठ ठेवून सांगा, ‘एक दिवस खाडा नाही.’