‘तक्रार केली की ट्रोल?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सोलापुरात माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. ट्रोल आणि त्रासदायक गिऱ्हाइकांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. चांगली खरमरीत आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी सारांश देतो: दुकानदाराला प्रश्न विचारला की तो समोरच्याला ट्रोल ठरवून मोकळा होतो, वाईट रिव्ह्यू गायब करतो आणि चांगले घरच्यांकडून लिहून घेतो, ब्लॉक करणं हा शुद्ध पळपुटेपणा, खुल्या चर्चेसाठी सगळं पानावर राहू द्यावं, आणि माल चोख असेल तर घाबरायचं कशाला. शेवटी तुम्ही हेही लिहिलंय की आमच्याकडून नेलेल्या चादरीचा रंग गेला, पण ‘तुम्हा लोकांना सांगून उपयोग काय’ म्हणून गप्प बसलात. चादरीकडे शेवटी येतो.

पहिला मुद्दा अर्धा मान्य. माणूस चिडून बोलला की त्याला ट्रोलांच्या रांगेत बसवणारे दुकानदार आहेत, नाही कसं म्हणू? पण सोलापुरात हे माप चालतच नाही. इथं नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळाली नाही तरी ‘काय बे’नं सुरुवात, आणि जिवलग मित्र भेटला तरी ‘काय बे’नंच. ‘काय बे, टॉवेल दिलास का प्लास्टिक?’ असा मेसेज मला आलेला आहे. बाहेरच्या एखाद्या कस्टमर केअरवाल्यानं तो शिवीगाळ म्हणून बाजूला टाकला असता. पण त्यात तक्रार होती, आणि खरी होती. नवा टॉवेल पाणी टिपत नव्हता, अंगावरून नुसता सरकत होता.

टेरी टॉवेलचं हे नेहमीचं आहे. हाताला मऊ लागावा म्हणून माल तयार होताना शेवटी सॉफ्टनर दिलेला असतो, आणि तो धाग्यावर बसला की पाणी आत शिरत नाही. त्यामुळे दुकानात हात फिरवल्यावर जो टॉवेल एकदम लोण्यासारखा लागतो, तोच बऱ्याचदा पहिल्या दिवशी दगा देतो. दोन-तीन धुण्यांत सुधारतो. लोक मात्र घरी नेऊन पहिल्याच धुण्यात वरून आणखी फॅब्रिक कंडिशनर ओततात. त्या गृहस्थांना एवढंच कळवलं आणि तरीही फरक पडला नाही तर परत आणा, पैसे देतो, असं लिहून दिलं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ वगैरे काही नाही. काही दिवसांनी उत्तर आलं, ‘बरं हाय आता.’ इथं यापेक्षा जास्त कौतुक कुणी करत नसतं.

आता याच्या उलट. ‘दादा, आपलं दुकान म्हणजे सोलापूरची शान! माझे फॉलोअर भरपूर आहेत. दोन डबल चादरी पाठवून द्याल का? नाहीतर मग अनुभव जरा वेगळा लिहावा लागेल.’ एक वाकडा शब्द नाही, शेवटी हात जोडलेली इमोजी. ही खंडणी आहे. मी तिला उत्तर देत नाही, चादर तर त्याहून नाही. म्हणून मी भाषा बघतच नाही. समोरच्याला मी देऊ शकेन असं काही हवंय का, आणि ते त्याच्या खरेदीशी जोडलेलं आहे का, एवढं बघतो. बदलून द्या, पैसे द्या, कारण सांगा, चूक कबूल करा, यांतलं काहीही मागणारा कितीही तोंडाळ असला तरी तो माझं गिऱ्हाईक.

तुमच्या बाजूनं एक मुद्दा मीच जोडतो, कारण तुमच्याकडून तो राहिला. आजही कितीतरी बिलांवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असतं. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून अमलात आला. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे ज्याच्या जोरावर दुकानदार गिऱ्हाइकाला हाकलतो, ते छापील वाक्य सदोष मालाच्या बाबतीत कुचकामी आहे. मात्र कायद्यातला शब्द ‘सदोष’ असा आहे. आहेरासाठी नेलेल्या चादरींतल्या पाच उरल्या, सुनेला हिरवा रंग पसंत नाही, हे त्यात येत नाही. घडी मोडलेली नसली तर आम्ही तरीही बदलून देतो. पण तो आमचा व्यवहार झाला, तुमचा हक्क नव्हे, आणि हे सांगितलं की काही जण भडकतात. ही माणसं अवघड असतात. ट्रोल नसतात.

रिव्ह्यू गायब करण्याचं म्हणाल, तर गुगलवरचा रिव्ह्यू दुकानदाराला काढताच येत नाही. तो फक्त कळवू शकतो की हा बनावट आहे, शिवीगाळ आहे, किंवा याचा दुकानाशी संबंध नाही. काढायचा की ठेवायचा हे गुगल ठरवतं, आणि ‘मला पटत नाही’ हे कारण तिथं चालत नाही. घरच्यांकडून पाच स्टार लिहून घेण्याबद्दल मात्र तुमचा संशय रास्त आहे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचं सोंग घेऊन रिव्ह्यू लिहायला बंदी केली आहे, आणि सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं गुगललाही चालत नाही. तरी पाच स्टारांचं पॅकेज विकणारे फोन मला येत राहतात. घेणारे असल्याशिवाय कोण फोन करेल?

‘माल चोख असेल तर घाबरायचं कशाला?’ हिशेब करून बघा. एखाद्या छोट्या दुकानाचे ४० रिव्ह्यू आहेत, सगळे पाच स्टारचे. कुणी एका रात्रीत एक स्टारचे १० टाकले, की सरासरी ४.२वर येते. ज्यांनी टाकले त्यांनी दुकानाची पायरीही चढलेली नसते. हजारो रिव्ह्यू असलेल्या मोठ्या कंपनीला अशा दहांनी ओरखडाही उठत नाही. चोख माल यात काय करणार? अशा वेळी मी प्रत्येकाखाली एकदाच लिहितो: ‘या नावाची खरेदी आमच्या नोंदीत नाही. बिल क्रमांक कळवा, लगेच बघतो.’ दुसऱ्यांदा नाही लिहीत. ते उत्तर त्याच्यासाठी नसतंच, उद्या चादर घ्यायची की नाही या विचारात जो ते पान उघडेल त्याच्यासाठी असतं.

ब्लॉक करणं म्हणजे पळपुटेपणा, हे तुमचं वाक्य मात्र मला अजिबात मान्य नाही.

चादर कशी धुवावी याचा एक छोटा व्हिडिओ आम्ही टाकला होता. बोलणारी बाई आमच्याकडे घडी-पॅकिंग बघते. घरी तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कन्नड, अशी तिची जीभ चालते, आणि मराठीला तेलुगूचा हेल आहे. सोलापुरात याचं कुणाला काही वाटत नाही. तेलंगणाकडून आलेल्या पद्मशाली विणकरांशिवाय इथला हातमाग आणि पुढचा यंत्रमाग उभा राहिला नसता. भौगोलिक मानांकन मिळालेली, गावाचं नाव मिरवणारी ही चादर ज्या हातांनी विणली त्यांतले बरेचसे हात घरी तेलुगूच बोलतात. पण व्हिडिओ बाहेर फिरला आणि खाली सुरू झालं: आधी मराठी शिका, मग धंदा करा. मग तिच्या रंगावर. मग जे लिहिलं गेलं ते मी इथं लिहिणार नाही.

त्यांतल्या एकालाही मी समजावायला गेलो नाही. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले, कमेंट काढल्या, माणसं ब्लॉक केली. कुणी धमकी दिली असती तर तेच स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे गेलो असतो. त्यांनी आमच्याकडून काही घेतलेलं नव्हतं, त्यांना काही बदलून नको होतं. माझ्या मालावर, माझ्या दरांवर, माझ्या तिरसट बोलण्यावर लिहा, ते पानावर राहतं. जाऊन बघा, आहे. मी गल्ल्यावर बसतो, मला ते ऐकावंच लागेल. तिला पगार घडी घालायचा मिळतो, शिव्या खायचा नाही. तुम्ही म्हणता तसं ‘खुल्या चर्चेसाठी’ ते सगळं तिथं ठेवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ती कामावर आल्यावर तिच्या तोंडाकडे मी कसं बघायचं, हे तुम्हीच सांगा.

काही व्यापारी मित्र म्हणतात, सरळ केस टाका. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६-अ कलमाचा त्यात उल्लेख असतो ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं. मानहानीचं कलम आहे. जुन्या दंडसंहितेत ४९९, आता भारतीय न्याय संहितेत ३५६. पण सद्भावनेनं, स्वतःचं हित जपायला बोललेलं त्यात अपवाद धरलंय, आणि कायद्यानं दिलेला दाखला दुकानदाराचाच आहे: तो आपल्या माणसाला सांगतो, अमक्याला रोख दिल्याशिवाय काही विकू नको, त्याच्या सचोटीवर माझा भरवसा नाही. दुकानदाराला गिऱ्हाइकाबद्दल एवढं म्हणायची मुभा आहे, तर रंग गेलेल्या चादरीवर एक स्टार देणाऱ्याला कोर्टात कुठल्या तोंडानं खेचायचं?

आता तुमचा ‘सांगून उपयोग काय’. उपयोग आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, सोलापूरला खेटे घालायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. हे सगळं माझ्याविरुद्ध वापरायला मी तुम्हाला सांगतोय, हे लक्षात घ्या.

त्याआधी चादरीचे दोन फोटो पाठवा, एक पूर्ण उघडून आणि एक जिथं रंग गेलाय तिथला जवळून. बिल नसेल तर साधारण कधी घेतली ते कळवा, मी वहीत शोधतो. रंग सगळीकडून सारखा उतरला असेल, किंवा बाकीच्या कपड्यांना लागला असेल, तर रंगाई कच्ची आहे. चादर परत पाठवा, कुरिअरचे पैसे माझे. पण मधेमधे फिके, पांढुरके ठिपके असतील तर ते ब्लीचवाल्या पावडरचं काम आहे, आणि त्याचे पैसे मी देणार नाही.