पाठीवरचे पांढुरके चट्टे आणि ‘नवा जंतू’

‘इलाँगेटम नावाचा नवा जंतू आलाय. पाठीवर पांढुरके चट्टे म्हणजे कुष्ठरोगाची सुरुवात. रोज जंतुनाशक साबणाने अंग घासा.’ चंद्रपूर-यवतमाळकडच्या गावांत हा मेसेज हातोहात फिरतोय. त्यातला एकही सल्ला पाळण्याजोगा नाही.

हा जंतू नवा नाहीच. इलाँगेटम ज्याचा एक गट आहे, तो क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस तुमच्या-माझ्या केसांच्या मुळाशी कायमच राहतो. १९०० साली त्याला बॅसिलस अ‍ॅक्नेस म्हणत. त्यात दोन गट असल्याचं १९७२ मध्ये दिसलं, तिसरा २००८ मध्ये सापडला. कपाशीचे वाण वेगवेगळे ओळखावेत तसं जनुकं ताडून २०१५-१६ मध्ये तिन्ही गटांना उपप्रजातींची नावं मिळाली: अ‍ॅक्नेस, डिफेन्डेन्स आणि इलाँगेटम. हे फार उपयोगाचं काम आहे, कारण मुरुमांशी संबंध आढळतो तो मुख्यतः पहिल्या गटातल्या काही वाणांचा. सगळ्यांना एकाच नावाने हाक मारत बसलो असतो तर तो फरक कळलाच नसता.

मेसेजमध्ये एक धागा खरा आहे. धडावर येणाऱ्या एका प्रकारच्या फिकट डागांशी इलाँगेटमचा संबंध आढळला आहे. पण त्या डागांत कुष्ठाच्या चट्ट्यासारखा बधिरपणा नसतो, आणि त्यांचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. कुष्ठाचा जंतू मायकोबॅक्टेरियम लेप्रे. तो हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला आणि त्याचं कूळच निराळं. शिवाय आपल्याकडच्या उन्हा-घामात पाठीवर दिसतात ती बहुधा शिबं. ती बुरशीमुळे होतात.

साबणाचं म्हणाल, तर तेलग्रंथींच्या खोलवर राहणारे जंतू घासून निघत नाहीत. कातडी मात्र सोलवटते. दुकानातून मागून आणलेलं स्टेरॉइडचं मलम त्याहून वाईट. त्याने शिबं दबल्यासारखी वाटतात आणि नंतर पसरतात.

मला खरी काळजी दुसरीच वाटते. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमटेंनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं केलं, तिथेही असल्या मेसेजने घाबरून माणूस चट्टा लपवतो. चट्ट्यावर कापसाचा बोळा हलकेच फिरवा. स्पर्श कळत नसेल, किंवा हातापायाला मुंग्या येत असतील, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. स्पर्श कळत असला तरी चट्टा जात नसेल तर एकदा दाखवाच. कुष्ठरोग निघालाच, तर सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो.