गरुड चोच तोडत नाही, दाजींनीही तोडू नये

सोलापुरातल्या कारखानदारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, 'यशस्वी लीडर घडवणारी 4 सत्यं', आणि खाली तीन दिवसांच्या निवासी शिबिराची जाहिरात. असले फॉरवर्ड मी एरवी न वाचताच उडवतो. पण हा आमच्या दाजींना त्यांच्या मालकांनी पाठवला. दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम (माग) लावणारे-दुरुस्त करणारे कारागीर होते, दिवाळीत सुपरवायझर केलं, वय 43. मेसेज वाचून माणूस ताईला म्हणतो काय, तर "माझी चोच म्हातारी झालीय, आता मोडायला पाहिजे." डोकंच फिरलं माझं.

तर आधी चोचीचंच बघू. मेसेज म्हणतो, गरुड 70 वर्षं जगतो, चाळिशीत त्याची चोच वाकते, मग तो डोंगरावर जाऊन खडकावर आपटून चोच तोडतो, नवी आली की तिने नख्या उपटतो, मग पिसं, आणि 150 दिवसांनी नवा जन्म. चाळिशीतल्या मॅनेजरनेही असंच जुनं सगळं उपटून टाकावं म्हणे.

अहो, चोचीचं वरचं कवच आपल्या नखासारखंच असतं, जन्मभर वाढतं आणि घासून झिजतं, पण आत हाड असतं आणि ते हाड मोडलं की परत येत नाही. अमेरिकेत 2005 मध्ये एका गरुड मादीची वरची चोच गोळी लागून गेली, ब्यूटी नाव तिचं. तिला धड खाताही येईना, पाणीही पिता येईना, माणसांनी भरवलं म्हणून जगली, शेवटी 2008 मध्ये थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली चोच बसवली. डोंगरावर बसून नवी नाही उगवली. पिसं तर सगळेच पक्षी थोडी थोडी टाकतात, उपटत कोणी बसत नाही. आणि पाच महिने काय वारा खाऊन राहतो का तो? वयाचं म्हणाल तर रानातला, पायात ओळखीची कडी घातलेला सगळ्यात म्हातारा बाल्ड ईगल (अमेरिकन गरुड) 2015 मध्ये न्यूयॉर्क राज्यात गाडीखाली सापडून मेला तेव्हा 38 वर्षांचा होता, म्हणजे चाळिशीचं संकट यायच्या आधीच गेला बिचारा.

बरं, खोटी गोष्ट आहे म्हणून सोडूनही दिली असती. पण ही सांगितली कोणाला जाते ते बघा. दाजी नुसता टॉवेलवर हात फिरवून सांगतात की पायलचा (टॉवेलवरच्या धाग्यांच्या फाशांचा) ताण कुठे ढिला पडलाय, लूमचा आवाज बदलला की जेवणाचा डबा सोडून उठतात. हे उपटून टाकायचं? आणि त्याच्या जागी काय लावायचं, जाकीट घातलेल्या ट्रेनरची इंग्रजी वाक्यं? शिवाय गोष्टीत चूक कायम त्या चाळिशीतल्या माणसाचीच, मालकाचा त्यात कुठे पत्ताच नाही.

दुसरं सत्य, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ज्या 3 टक्के पोरांनी ध्येय लिहून ठेवलं त्यांनी बाकीच्या 97 टक्क्यांपेक्षा जास्त पैसा कमावला. असा अभ्यास झालाच नाही, खुद्द येलनेच सांगितलंय. काही फॉरवर्डमध्ये येलचं हार्वर्ड होतं, तेवढाच फरक.

तिसरं, 93 टक्के संवाद देहबोली आणि आवाजातून. मेहराबियन नावाच्या संशोधकाचे 1967 चे प्रयोग, एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून, चेहऱ्याचे फोटो दाखवून बोलणाऱ्याची भावना ओळखायची, एवढंच. हे आकडे सगळ्या संवादाला लावू नका असं तो स्वतःच सांगत आला. नाहीतर लूमवरचा बीम (सूत गुंडाळलेला रूळ) बदलायला नुसत्या हातवाऱ्यांनी सांगून बघा.

चौथं, तीन दिवस शिबिर, निखाऱ्यावरून चालणं, आणि उत्पादन दुप्पट. निखाऱ्याचं अंनिसवाले गावोगाव करून दाखवतात, लाकडी कोळशातून उष्णता पायात सावकाश जाते आणि पाय क्षणभरच टेकतो, त्यात लीडरशिप कुठून आली.

उत्पादनाचं मात्र नीट बघण्यासारखं आहे, कारण याचा खरा प्रयोग झालाय आणि तोही आपल्याच धंद्यात. मुंबईच्या उत्तरेकडच्या तारापूर आणि उंबरगावच्या कापड विणणाऱ्या कारखान्यांवर स्टॅनफर्ड आणि वर्ल्ड बँकेच्या लोकांनी केला, 2013 मध्ये छापून आला. 17 कंपन्या, त्यातल्या काहींना सल्लागार पाच महिने फुकट दिले. त्यांनी शिकवलं काय, तर 38 साध्या सवयी : डागी मालाची रोज नोंद, मशीनच्या देखभालीचं वेळापत्रक, सूत किती शिल्लक आहे त्याचा हिशोब, असलंच सगळं. पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. दुप्पट नाही, 17. आणि काही वर्षांनी परत जाऊन बघितलं तर त्यातल्या जवळपास निम्म्या सवयी सुटलेल्या, कारण मॅनेजर बदलले किंवा मालकांना वेळ नव्हता. पाच महिने उरावर बसून शिकवलेलं निम्मं सुटतं तिथे तीन दिवसांचं काय टिकणार?

त्यातच एक गोष्ट अशी आहे की आपल्या टॉवेलवाल्यांनी फ्रेम करून लावावी. तिथल्या कंपन्या किती मोठ्या होणार हे मॅनेजर किती हुशार यापेक्षा मालकाच्या घरात पुरुष किती यावर ठरत होतं! बाहेरच्या माणसावर विश्वास नाही, त्यामुळे भाऊ आणि पोरं संपली की वाढही थांबली. आपल्याकडे वेगळं आहे का? दाजींना आजही एक सुटा पार्ट मागवायचा तर मालकांना फोन लावावा लागतो आणि ते लग्नाला हैदराबादला गेलेले असले की लूम बंद.

एक मान्य करतो, नाइलाजाने. चांगला जॉबर आपोआप चांगला सुपरवायझर होत नाही, कालपर्यंत बरोबर चहा प्यायलेल्या पोरांना आज काम सांगायचं असतं, ते शिकावंच लागतं आणि थोडक्या वेळातही शिकता येतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कारखान्यातल्या मुकादमांना टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचं ट्रेनिंग दिलं, काम कसं शिकवायचं याचा कोर्स फक्त 10 तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठका, आणि सराव आपल्याच खात्यातल्या खऱ्या कामावर करायचा. रिसॉर्ट नाही, निखारे नाहीत.

दाजींना मी एवढंच सांगितलं की शिबिराला पाठवलं तर जा, जेवण चांगलं असतंय. पण आल्यावर मालकांकडे तीन गोष्टी मागा : डागी मालाचं रजिस्टर, रोज सकाळी त्यांची दहा मिनिटं, आणि ठराविक रकमेपर्यंतचा पार्ट न विचारता आणायची मुभा. आणि फी निम्मी पगारातून कापणार असं ऐकतोय, तर कुठल्या कागदावर सही करताय ते आधी मला फोटो काढून पाठवा.