अहो, समोर बघा की!
काल अंधेरीच्या फ्लायओव्हरवर परत तेच. रिक्षाच्या हँडलजवळ मोबाइल अडकवलेला, त्यावर क्रिकेटची मॅच, आणि मागे मी जीव मुठीत धरून. ‘दादा, समोर बघा ना!’ तर म्हणतो, ‘टेन्शन नका घेऊ मॅडम, रोजचंच आहे.’ अरे, ताशी ५० च्या वेगात दोनच सेकंद नजर हटली तरी गाडी २८ मीटर आंधळी पळते! कारवाले साहेब तर त्याहून वरताण. सिग्नल सुटला तरी मान खालीच, हॉर्न वाजवला की डोळे आपल्यावरच वटारणार. लायसन्ससाठी आठचा आकडा काढायला लावतात, पण फोन बाजूला ठेवायला कोण शिकवतं? २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात याला कैदेचीही तरतूद आहे म्हणे. असू दे. हवालदार दिसला की फोन मांडीवर, चौक ओलांडला की परत कानाला!