तिकडे असं नसतं म्हणे

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वकील मित्र आहे. नाशिकला गंगापूर रोडवर ऑफिस, सकाळी चालायला गोल्फ क्लब मैदान, आणि चालून झाल्यावर चहाच्या टपरीवरून ग्रुपला एक तडाखेबंद पोस्ट. 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला तेव्हापासून त्याचा एकच हेका आहे: सरकारनं खेळात नाक खुपसू नये. हेका त्याचा, मला काय! पण शेवटी तो मला टॅग करून लिहितो, ‘तिकडे युरोपात बघा. सरकारचा खेळाशी काही संबंध असतो का?’ बाकीचे अंगठे दाखवतात आणि मी म्युनिकमध्ये ट्रामची वाट बघत चरफडतो.

त्याचं सगळंच चूक आहे असं नाही. विधेयक लोकसभेत 11 ऑगस्ट 2025 ला, राज्यसभेत 12 ला पास झालं आणि 18 ला राष्ट्रपतींची सही झाली. संघटनांना मान्यता द्यायची की काढायची हे ठरवणारं राष्ट्रीय क्रीडा मंडळ, आणि त्या मंडळावर माणसं नेमणार केंद्र सरकार. क्रिकेट बोर्ड कायद्याखाली आलं, पण माहिती अधिकारातून निसटलं, कारण ते सरकारी अनुदान घेत नाही. हे त्यानं लिहिलं तेव्हा मीही अंगठा दाखवला होता. माझा राग फक्त त्या ‘तिकडे’वर आहे. तिकडे मी राहतो, चौदा वर्षं झाली.

तर ऐका. शहराबाहेरच्या एका गावात आमचा छोटा क्रिकेट क्लब आहे. मैदान गावच्या पालिकेचं. फुटबॉलवाल्यांचे वार ठरलेले, आम्हाला शनिवार आणि रविवारची सकाळ. रविवारी एक वाजला की स्टंप उपटायचे, कारण एक ते तीन शांततेची वेळ आणि समोरच्या घरातले आजोबा घड्याळ घेऊन खिडकीत. एकदा एक वाजून पाच मिनिटांनी आमच्या पोरांनी विकेट पडली म्हणून आरडाओरडा केला, तर मंगळवारी पत्र हजर. मैदानावरच्या आवाजाचे डेसिबल ठरवणारा नियम इथे 1991 पासून आहे. लहान मुलांच्या खेळण्याचा आवाज म्हणजे प्रदूषण नव्हे, हेसुद्धा 2011 मध्ये कायद्यात लिहावं लागलं! मुलांना शिकवायचं म्हणून मी सरकारकडचं चारित्र्य प्रमाणपत्र आणून दिलंय. दर तीन वर्षांनी फायनान्स ऑफिस आमचे हिशोब बघतं. आता सांगा, सरकारचा संबंध नाही?

इथे सरकार मैदानात पावलोपावली आहे. खुर्चीत मात्र नाही, आणि हे काही वकीलसाहेबांच्या डोक्यात शिरत नाही.

आपल्याकडे उलटं. 2022 साली फिफानं भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं तेव्हा ग्रुपवर हाच मित्र म्हणाला होता, ‘बघा, सरकारी हस्तक्षेप!’ अरे बाबा, सुरुवात कुठून झाली? प्रफुल्ल पटेल 2009 पासून अध्यक्ष होते. मुदत 2020 मध्ये संपली, निवडणूक झाली नाही, खुर्ची सुटली नाही, म्हणून मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रशासक समिती नेमली आणि ती फिफाला चालली नाही. पंधरा-सोळा ऑगस्टच्या रात्री निलंबन आलं, 26 ला उठलं. त्या मधल्या दिवसांत गोकुलम केरळाच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला जाऊन पोचल्या होत्या. त्या न खेळता परत आल्या. सरकार, कोर्ट, महासंघ, फिफा, सगळे आपापल्या जागी नियमानुसार बरोबर असतील. बॅगा भरून परत कोण आलं ते बघा.

हे असं लिहिलं की ग्रुपवर कुणीतरी म्हणतं, ‘तुला तिथे बसून बोलायला काय जातं?’ हे मला झोंबतं. मी काही म्युनिकमध्ये जन्मलो नाही. नाशिकच्या सिडकोत आमच्या घरामागे मैदान होतं. पालिकेच्या पाटीवर ते ‘क्रीडांगण’ होतं, पण वर्षातले बरेच दिवस तिथे मांडव असायचा. कधी लग्न, कधी सेल, कधी सभा. मांडव उठला की आम्ही पोरं रांगेत चालत खुंट्यांची भोकं शोधायचो आणि त्यात माती भरून टाचेनं दाबायचो. एखादं राहून जायचंच. माझ्या डाव्या घोट्याला अजून थंडीत कळ येते ती अशाच एका राहून गेलेल्या भोकाची. इथल्या डॉक्टरनं विचारलं, फुटबॉल का? मी हो म्हणून मोकळा झालो. सभेच्या मांडवाची खुंटी जर्मनमध्ये कशी सांगायची?

पण खरं सांगायचं तर त्या मैदानावर रोलर फिरायचा तो वर्षातून एकदाच, आणि तो नगरसेवकच आणायचा. वाढदिवसाला भाऊंच्या नावाचा चषक. टेनिस बॉल, रात्रीचे दिवे, चौकारावर डीजे, आणि दर ओव्हरला भाऊंचं कौतुक करणारा कॉमेंटेटर. तीन-चार दिवस आधी टँकर यायचा, पाणी मारायचे, चुन्याच्या रेषा पडायच्या. स्पर्धा संपली की पुढचे दोन आठवडे त्या चोपून बसवलेल्या पिचवर आम्ही खेळायचो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर पिच राजकारण्यानं दिलंय, हे मी ग्रुपवर कधी कबूल करणार नाही.

आता तुलना करायचीच तर दुसरी एक करतो. इथले अनेक स्कीपटू कस्टम खात्यात नोकरीला असतात. पगार खातं देतं, ते बर्फावर सराव करतात. लष्कर आणि पोलीसही असेच खेळाडू पोसतात. आपला नेमबाज स्वप्निल कुसाळे रेल्वेत टीसी होता, पॅरिसला 2024 मध्ये ब्राँझ घेऊन आला. आणि आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ! दुष्काळी गाव, विहिरी खोदायची कामं केलेला माणूस. रोइंग शिकला तो लष्करात गेल्यावर, आणि 2016 ला रिओत तेरावा आला. नाव चालवायला पाणी सरकारनंच दिलं की नाही? तेव्हा ‘सरकारनं लांब राहावं’ हे बोलणं गंगापूर रोडला शोभतं, तळेगावला परवडत नाही. (पूर्व जर्मनीच्या सरकारनं खेळाडूंना कसली कसली उत्तेजकं दिली, ते मित्राला अजून आठवलेलं नाही. आठवलं की मी अडचणीत येणार आहे.)

मग 2025 चा ऑक्टोबर आला. 26 तारखेला म्युनिकनं सार्वमत घेतलं: ऑलिंपिकसाठी दावा करायचा की नाही. माझ्या मजल्यावरच्या बाईंनी घरीच, चहा घेता घेता मतपत्रिका भरली आणि मला विचारलं, तुम्ही काय केलंत? मला मत नाही, म्हटलं. युरोपियन युनियनवाल्यांना असतं, मला नसतं. त्यांना वाईट वाटलं; त्यांनी आणखी एक बिस्कीट पुढे केलं. 66.4 टक्के लोक हो म्हणाले. बरोबर एका महिन्यानं अहमदाबादला 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा मिळाली. तिथे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मी लगेच ग्रुपवर टाकलं, ‘बघा! इथे लोकांना विचारतात!’ त्या ‘लोकांना’मध्ये मी नव्हतो, ते लिहिलं नाही. मित्रानं एका ओळीत विचारलं, ‘तू काय मत दिलंस?’ मी फोन पालथा ठेवला. नाशिकच्या मतदार यादीत माझं नाव अजून असेल, पण मतदानाच्या दिवशी मी तिथे असल्याला पंधरा वर्षं झाली. आईच फोनवर शाईचं बोट दाखवते.

या देशात माझं मत मोजलं जातं अशी एकच जागा आहे: आमच्या क्लबची वार्षिक सभा. आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. मी सहा वर्षं तिथे अध्यक्ष आहे. नियमात मुदतीची मर्यादा नाही, म्हणजे मीच कधी ती घालायला सुचवलं नाही. आमच्याकडे निम्मी मुलं अफगाण; ती आली नसती तर जर्मनीतल्या निम्म्या गावांत क्रिकेटचे अकरा गडी जमले नसते. त्यांच्यातला एक पंचवीस वर्षांचा पोरगा, उत्तम लेगस्पिनर, माझ्यापेक्षा चांगलं जर्मन बोलणारा, या वेळी अध्यक्षपदाला उभा राहतो म्हणाला. मी हसून पाठ थोपटली. घरी येऊन पाच भारतीय कुटुंबांना फोन केले. एरवी सभेला कोणी फिरकत नाही; एकाला तर घ्यायला गाडी पाठवली. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. ‘भाऊंचा चषक कधी ठेवताय?’ एवढंच म्हणाली.

एकोणीस विरुद्ध चौदा. हात वर करून मतदान, सचिवानं दोनदा मोजलं, इतिवृत्तात नोंद झाली. सगळं नियमानं. त्या पोरानं येऊन हात मिळवला आणि विचारलं की शनिवारी मॅट कोणी आणायची. मी म्हटलं, मी आणतो. गोडाऊनची किल्ली माझ्याकडेच असते.